एक प्रश्न आणि नाताळचे बिशप

स्मरणिका समितीचा निरोप आला, त्यात एक अट होती. तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, तेव्हा इतिहासावरच लिही. पण शिवकाल आणि पेशवाई नको, त्यावर तिघांचे लेख आधीच आलेले आहेत. अशी नाकेबंदी झाल्यावर मी थेट दक्षिण आफ्रिका गाठायचं ठरवलं. ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते गृहस्थ अँग्लिकन चर्चचे बिशप होते. आपल्या तुकडीतल्या बहुतेकांना बिशप ठाऊक आहे तो इंग्रजी बुद्धिबळातला उंट म्हणून, हे मला माहीत आहे. तरीही शाळेच्या स्मरणिकेत हा माणूस शोभेल असं मला वाटतं. तो आधी गणिताचा मास्तर होता, मग बिशप झाला, आणि माझ्या मते शेवटपर्यंत मास्तरच राहिला. उत्तर आलं की ताळा करून पाहायचा, ही त्याची सवय कधी सुटली नाही. सगळं रामायण त्या सवयीपायीच घडलं.

जॉन विल्यम कोलेन्सो यांचा जन्म २४ जानेवारी १८१४ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलचा. तो मुलूख कथलाच्या खाणींचा. वडिलांचा पैसा अशाच एका खाणीत अडकला होता. खाणीत समुद्राचं पाणी शिरलं आणि घर खाली आलं. जॉनला वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी एका खाजगी शाळेत साहाय्यक मास्तरकी करावी लागली. पुढे १८३२ साली तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला, तो 'सायझर' म्हणून. म्हणजे कमी पैशांत शिकणारा गरीब विद्यार्थी. आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या मुलांचा तिकडचा भाऊ म्हणा. १८३६ साली तो गणितात सेकंड रँग्लर झाला. रँग्लर हा शब्द आपल्याला परांजप्यांमुळे परका नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली त्याच परीक्षेत, त्याच कॉलेजातून पहिले आले होते.

मग हॅरोच्या प्रख्यात शाळेत गणिताचे शिक्षक. तिथे आगीत घर जळालं आणि डोक्यावर हजारो पौंडांचं कर्ज झालं. कर्ज फेडायला माणसं काय काय करतात. कोलेन्सोंनी पाठ्यपुस्तकं लिहिली. १८४१ मध्ये बीजगणित आणि १८४३ मध्ये अंकगणित. दोन्ही इतकी चालली की इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांना 'कोलेन्सो' हे माणसाचं नाव आहे की विषयाचं, असा प्रश्न पडत असावा. अंकगणिताचे हक्क त्यांनी लाँगमन्स या प्रकाशकाला २,४०० पौंडांना विकले आणि कर्जातून मोकळे झाले. १८४६ साली लग्न केलं, नॉरफक परगण्यातल्या एका खेड्यात पाद्री म्हणून राहिले. इथपर्यंतचं आयुष्य शांत, सरळ, आणि खरं सांगायचं तर विसरण्यासारखं आहे.

१८५३ साली त्यांना नाताळचे पहिले बिशप नेमलं गेलं. नाताळ हे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचं नाव. वास्को द गामा १४९७ साली ख्रिसमसच्या सुमारास त्या किनाऱ्यापाशी पोचला, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला ते नाव दिलं. आपण डिसेंबरात ज्याला नाताळ म्हणतो तो शब्दही त्याच पोर्तुगीजांकडून आला. इंग्रजांनी हा प्रांत दहाच वर्षांपूर्वी ताब्यात घेतला होता. गोरे मूठभर, बाकी सगळी आफ्रिकन वस्ती. आणि उत्तरेला तुगेला नदीपलीकडे झुलूंचं स्वतंत्र राज्य.

कोलेन्सो १८५४ च्या आरंभी तिथे गेले, दहा आठवडे प्रांतभर हिंडले, परत येऊन त्यावर पुस्तक लिहिलं आणि १८५५ मध्ये कुटुंबकबिला घेऊन कायमचे राहायला गेले. राजधानी पीटरमॅरित्झबर्ग. तिच्याजवळ त्यांनी वस्ती उभारली, तिचं झुलू नाव एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाची जागा. तिथे १८५६ साली शाळा सुरू झाली. टोळीप्रमुखांची मुलं, सोबत साधी मुलं, लिहिणं-वाचणं, चित्रकला आणि छापखाना. कोलेन्सो स्वतः झुलू शिकले. नुसते बोलायला नव्हे, तर व्याकरण लिहिण्याइतके. १८६१ मध्ये त्यांचा झुलू-इंग्रजी कोश निघाला. आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे हा सगळा एकच काळ. जगभर इंग्रज माणसं दुसऱ्यांच्या भाषा वहीत उतरवत बसली होती. बहुतेकांना त्या भाषेत बोलायचं होतं. कोलेन्सोंना त्या भाषेत ऐकायचंही होतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचा पुरावा म्हणून एक छोटी गोष्ट देतो, ती शिक्षकांना आवडेल. १८५९ साली कोलेन्सो झुलू राजा म्पांडेच्या भेटीला गेले. बरोबर त्यांचा साहाय्यक विल्यम न्गिदी आणि शाळेतली दोन मुलं, मागेमा आणि न्दियाने. परत आल्यावर त्यांनी तिघांनाही प्रवासाचं वर्णन आपापल्या शब्दांत, झुलूत लिहायला सांगितलं आणि ती तिन्ही वर्णनं इंग्रजी भाषांतरासह १८६० मध्ये छापून टाकली. सहलीवरून आलं की निबंध लिहा, हे आपल्यालाही चुकलं नव्हतं. पण आपले निबंध तांबड्या शाईपर्यंत पोचले, छापखान्यापर्यंत कुणी नेले नाहीत.

बिशपांची पहिली अडचण या ऐकण्यातूनच उभी राहिली. झुलू समाजात एका पुरुषाला अनेक बायका असत. इतर मिशनऱ्यांची अट अशी की बाप्तिस्मा हवा तर एक बायको ठेवा, बाकीच्या सोडा. कोलेन्सो विचारू लागले, कुठली सोडायची? सोडलेलीने जायचं कुठे, तिची मुलं कुणाची? आधीच लग्न झालेल्यांना बायका टाकायला लावणं हा अन्याय आहे, असं त्यांनी जाहीरपणे छापलं. बहुपत्नीत्व त्यांना मान्य होतं असं नाही. पण धर्मात येण्याची किंमत त्या बाईने का भरायची, हा हिशेब त्यांना जुळत नव्हता. सहकारी पाद्र्यांच्या भुवया तेव्हापासून वर गेल्या त्या पुन्हा खाली आल्या नाहीत.

आता तो प्रश्न. न्गिदी हा कोलेन्सोंना बायबलच्या भाषांतरात मदत करी. कोण कुणाचा गुरू हे सांगणं अवघड, कारण धर्म एक शिकवी आणि भाषा दुसरा. जलप्रलयाच्या गोष्टीचं भाषांतर चालू होतं. नोहा तारू बांधतो, प्रत्येक जातीचे प्राणी जोडीजोडीने त्यात शिरतात. न्गिदीने मान वर करून विचारलं, की हे सगळं खरंच असं घडलं असं तुम्ही मानता का? उष्ण देशातले, थंड देशातले सगळे प्राणी असे चालत आले? आणि त्या सगळ्यांना, वाघ-सिंहांसारख्यांनाही, पुरेल एवढं खाणं नोहाने जमवलं?

वर्गात असा प्रश्न आला की काय उत्तरं मिळतात हे आपण सगळे जाणतो. 'परीक्षेला येणार नाही', 'पुढचं वाच', 'मोठा झालास की कळेल'. कोलेन्सोंजवळ तर भक्कम उत्तर तयार होतं: देवाने सांगितलंय. पण त्यांनी भूगर्भशास्त्र वाचलं होतं. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात जुन्या ज्वालामुखींचे डोंगर आहेत, त्यांच्यावर हलकी, सुटी राख अजून तशीच आहे. सगळी पृथ्वी बुडवणारा पूर येऊन गेला असता तर ती राख कधीच वाहून गेली असती, हे त्यांना माहीत होतं. आपण स्वतः जे खरं मानत नाही ते, समोरचा भोळा आहे म्हणून, देवाच्या नावावर त्याच्या गळी उतरवायचं का? हा पेच त्यांनी पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. न्गिदीला त्यांनी खोटं सांगितलं नाही. आणि एकदा तिथे थांबल्यावर त्यांनी जुन्या कराराचे पहिले पाच ग्रंथ पुन्हा उघडले, या वेळी गणिताच्या मास्तराची पेन्सिल हातात घेऊन.

त्यांचे हिशेब आजही वाचायला गंमत वाटते. मिसरातून बाहेर पडलेल्या इस्राएली लोकांत लढण्याजोगे पुरुषच सहा लाखांवर, म्हणजे बायकामुलं धरून वीस लाखांहून जास्त माणसं. हे सगळे चार पिढ्यांपूर्वी मिसरात गेलेल्या सत्तर जणांचे वंशज! मग म्हटलं आहे की मोशेने सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या दारापाशी जमवली. मंडपाची रुंदी १८ फूट. एका रांगेत नऊ माणसं खांद्याला खांदा लावून उभी केली आणि दोन रांगांत दीड फूट अंतर ठेवलं, तर नुसत्या पुरुषांची ही रांग सुमारे १९ मैल लांब होते. पहिल्यांदा जन्मलेल्या मुलग्यांची संख्या दिली आहे २२,२७३. तिने एकूण पुरुष आणि मुलांच्या संख्येला भागलं तर प्रत्येक आईला चाळीसच्या वर मुलगे असायला हवेत. आपण कुरुक्षेत्रावरच्या अठरा अक्षौहिणी कधी अशा मोजल्या नाहीत. एका अक्षौहिणीत २१,८७० हत्ती, तेवढेच रथ. अठरांनी गुणलं की एकट्या हत्तींचाच आकडा जवळपास चार लाखांवर जातो, आणि त्यांच्या चाऱ्याचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी निदान माझ्या वर्गात तरी कुणी नव्हता.

कोलेन्सोंचं म्हणणं एवढंच होतं की हे ग्रंथ इतिहास म्हणून अक्षरशः घ्यायचे नाहीत. ते पुष्कळ नंतर, वेगवेगळ्या हातांनी लिहिले गेले. देवावरची श्रद्धा त्यांनी सोडली नव्हती. जर्मनीतले विद्वान असं बरंच आधीपासून लिहीत होते. पण ते विद्वानांच्या भाषेत लिहीत. इथे एक बिशप, ज्याचं अंकगणित प्रत्येक घरात होतं, साध्या गुणाकार-भागाकाराने तेच सांगत होता. ऑक्टोबर १८६२ मध्ये पहिला भाग लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि गहजब उडाला. डार्विनचा ग्रंथ येऊन तीनच वर्षं झाली होती, त्यात ही भर. त्यांचे स्नेही आणि एका अर्थी वैचारिक गुरू एफ. डी. मॉरिस यांनीही पाठ फिरवली. एका झुलूने बिशपचं धर्मांतर केलं, अशा अर्थाच्या चेष्टेच्या कविता गावभर झाल्या. चेष्टेतला झोंबणारा भाग आकडेमोडीचा नव्हता. काळ्या माणसाने प्रश्न विचारावा आणि गोऱ्या बिशपने तो मनावर घ्यावा, हे लोकांना सहन होत नव्हतं.

पुढची चार-पाच वर्षं कोर्टकज्ज्यात गेली, ती थोडक्यात सांगतो. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे हे त्यांचे वरिष्ठ. त्यांनी १८६३ च्या अखेरीस पाखंडाचा खटला चालवून कोलेन्सोंना पदावरून काढलं. कोलेन्सो प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. टिळकांचं ताई महाराज प्रकरण पुढे जिथे निकाली निघालं तीच ही संस्था. १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ग्रेंची सगळी कारवाई रद्दबातल ठरवली. धर्ममत बरोबर की चूक यात न्यायाधीश शिरलेच नाहीत. वसाहतीला स्वतःचं कायदेमंडळ मिळाल्यावर राणीच्या सनदेने तिथे असा अधिकार देताच येत नाही, एवढाच मुद्दा. ग्रेंनी १८६६ च्या जानेवारीत त्यांना धर्मबहिष्कृत केलं. पगार अडवला गेला, तो त्यांनी दुसऱ्या दाव्यात मिळवला. १८६९ मध्ये ग्रेंनी त्याच गावात दुसरा बिशप आणून बसवला. एका लहानशा गावात दोन बिशप, दोन चर्चं, आणि एकमेकांकडे न पाहणारे दोन कळप! गावातल्या दोन गणपतींची भांडणं पाहिलेल्या माणसाला याचं फार आश्चर्य वाटू नये. या वादाने हादरून जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली परिषद १८६७ मध्ये लंडनच्या लँबेथ राजवाड्यात भरली. ती परिषद अजून भरते. पहिल्या वेळी कोलेन्सोंना अर्थातच बोलावणं नव्हतं.

बहुतेक पुस्तकांत कोलेन्सोंची गोष्ट इथे संपते. मला ती इथून पुढे जास्त मोलाची वाटते. या भांडणात नाताळचे बरेच गोरे लोक कोलेन्सोंच्या बाजूला होते. केपटाऊनच्या बिशपने आमच्यावर हुकूमत का गाजवावी, हा त्यांचा अभिमान होता. नाताळच्या आफ्रिकन खात्याचे सर्वेसर्वा थिओफिलस शेप्स्टन तर त्यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र. म्हातारपण सुखात जायला काही हरकत नव्हती.

१८७३ मध्ये लांगालिबालेलेचं प्रकरण घडलं. हा ह्लुबी लोकांचा प्रमुख. त्याची तरुण माणसं किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर कामाला जात आणि मजुरीच्या पैशांतून बंदुका घेऊन येत. त्या बंदुका सरकारदरबारी नोंदवा, असा हुकूम आला. मग प्रमुखाला राजधानीत हजर राहायला सांगितलं. तो आला नाही; आपली माणसं आणि गुरं घेऊन ड्रॅकेन्सबर्ग पर्वत ओलांडून पळाला. ४ नोव्हेंबरला घाटमाथ्यावर चकमक झाली, सरकारी बाजूची पाच माणसं पडली, त्यांत तीन गोरे. मग सूड सुरू झाला. ह्लुबींची वस्ती उद्ध्वस्त केली गेली, माणसं मारली, गुरं लुटली, बायकामुलं गोऱ्यांच्या शेतांवर कामाला वाटून दिली. शेजारच्या पुतिनीच्या लोकांनी तर काहीच केलं नव्हतं, तेही यात भरडले गेले. पकडून आणलेल्या प्रमुखावर १८७४ च्या जानेवारीत खटला चालला. न्यायाधीश खुद्द गव्हर्नर. आरोपीला वकील नाही. जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला ठेवून घेण्यासाठी केप वसाहतीला खास कायदा करावा लागला. जागा होती रॉबेन बेट. नेल्सन मंडेलांमुळे ते नाव आज सगळ्यांना माहीत आहे.

कोलेन्सोंनी ताळा करायला घेतला. मुख्य साक्षीदार होता सरकारचा निरोप्या; ह्लुबींनी आपले कपडे उतरवून अपमान केला अशी त्याची साक्ष होती. मागेमा, तोच शाळेतला मुलगा, आता छापखान्याचा कारभारी झाला होता. तो आणि इतर शिष्य यांच्या मदतीने कोलेन्सोंनी माणसं शोधून काढली, जबान्या घेतल्या, त्या झुलूत ऐकल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या. साक्ष खोटी निघाली. प्रमुख बोलावल्यावर का आला नाही, याचंही उत्तर सापडलं. १८५८ मध्ये शेप्स्टन यांच्या धाकट्या भावाने दुसऱ्या एका प्रमुखाला बोलणीसाठी निःशस्त्र बोलावलं होतं आणि स्वतः पिस्तूल लपवून नेलं होतं. ही गोष्ट डोंगरातल्या प्रत्येक वस्तीला माहीत होती, फक्त सरकारी कागदांत नव्हती.

हे कागद घेऊन साठीचे कोलेन्सो १८७४ मध्ये इंग्लंडला गेले आणि वसाहतमंत्री लॉर्ड कार्नारव्हन यांना भेटले. गव्हर्नरला परत बोलावलं गेलं. लांगालिबालेलेला बेटावरून काढून केपच्या भूमीवर नजरकैदेत ठेवलं. पण मायभूमीत परतायला त्याला १८८७ साल उजाडलं. कोलेन्सोंनी काय गमावलं? शेप्स्टनची मैत्री कायमची तुटली. बायबलवर शंका घेतली तेव्हा पाठीशी राहिलेले गोरे लोक सरकारी साक्षीवर शंका घेतल्याबरोबर पांगले. माणसं कुठल्या ग्रंथाला खरोखर पवित्र मानतात ते अशा वेळी कळतं.

यानंतरचा अध्याय आपल्या प्रांताशी जोडलेला आहे. १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे हायकमिशनर म्हणून आले सर बार्टल फ्रिअर. होय, तेच. साताऱ्याचे रेसिडेंट असताना १८४८ मध्ये छत्रपतींचं राज्य खालसा करू नये म्हणून लिहिणारे, आणि १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडून मुंबई मोकळी करणारे. फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. त्यांची मुलगी मेरी हिने आपल्याकडच्या लोककथा आयेकडून ऐकून १८६८ मध्ये पुस्तक केलं. अशा माणसाने आफ्रिकेत मात्र झुलू राज्य मोडायचा चंग बांधला. सरहद्दीच्या वादात नेमलेल्या आयोगाने बहुतांश झुलूंच्या बाजूने कौल दिला, तो त्यांनी महिनोन्‌महिने दाबून ठेवला. डिसेंबर १८७८ मध्ये राजा सेत्श्वायोला पाळताच येणार नाही असा निर्वाणीचा खलिता दिला आणि ११ जानेवारी १८७९ रोजी फौजा घुसवल्या. साताऱ्यात एका राज्याची बाजू घेणारा माणूस आणि हा माणूस एकच कसा, याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. वय, पद, की समोरच्याचा रंग?

२२ जानेवारीला इसांडल्वाना इथे झुलूंनी इंग्रजी छावणी कापून काढली. इंग्रजांच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसं गेली. त्यांत कर्नल अँथनी डर्नफर्ड होते, कोलेन्सो कुटुंबाचे, विशेषतः मुलगी फ्रान्सिस हिचे निकटचे स्नेही. पीटरमॅरित्झबर्गमध्ये घरोघरी सुतक, आणि झुलू फौज आज येते की उद्या ही धास्ती. १२ मार्च हा सरकारने प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. सेंट पीटर्समध्ये कोलेन्सो उभे राहिले आणि त्यांनी प्रवचनासाठी मीखा संदेष्ट्याचं ते वचन घेतलं, ज्यात देव माणसाकडून न्याय, दया आणि नम्रता एवढंच मागतो. मग त्यांनी विचारलं, की झुलूंशी वागताना आपण न्याय कुठे दाखवला, दया कुठे दाखवली? लांगालिबालेले, सरहद्दीचा निकाल, तो खलिता, एकेक बाब मांडली. समोर ज्यांची मुलं, भाऊ त्या लढाईत गेले होते अशी माणसं बसलेली. स्वतःच्या घरातही शोक होता. असं प्रवचन द्यायला काय लागतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. प्रिव्ही कौन्सिलमध्ये जिंकणं त्यामानाने सोपं होतं.

कोलेन्सो साम्राज्याचे शत्रू नव्हते, हेही सांगायला हवं. सुरुवातीची कित्येक वर्षं शेप्स्टनच्या कारभारावर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि टोळीप्रमुखांची मुलं त्यांच्या शाळेत आली ती त्याच कारभाराच्या वजनामुळे. इंग्रजी न्याय ही खरी गोष्ट आहे असं त्यांना अखेरपर्यंत वाटत होतं. म्हणून तर ते लंडनला खेटे घालत, सरकारी अहवाल ओळीओळीने तपासत आणि त्यांतल्या विसंगती आपल्या छापखान्यात छापत. दादाभाई आणि रानडे यांची रीत आपण वाचलेली आहे, तिच्या जवळचंच हे. आज कुणी म्हणेल, ही भाबडी माणसं. म्हणोत. त्यांनी गोळा केलेले कागद नसते तर झुलूंची बाजू इतिहासकारांना इतक्या तपशिलात मिळाली नसती.

सेत्श्वायो कैद होऊन केपटाऊनला गेला. १८८० मध्ये कोलेन्सो त्याला तिथे भेटले आणि त्याच्या सुटकेसाठी झटले. १८८२ मध्ये राजा इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीला भेटला, १८८३ च्या जानेवारीत त्याला राज्य परत मिळालं, पण तुकडे करून. लगेच आपसांतलं युद्ध पेटलं. ते पाहतच कोलेन्सो २० जून १८८३ रोजी वारले. सेंट पीटर्सच्या वेदीसमोर त्यांना पुरलं आणि शिळेवर झुलूंनी दिलेलं नाव कोरलं: सोबान्तु, म्हणजे लोकांचा बाप. पुढच्याच वर्षी माळावरच्या वणव्यात त्यांचं घर आणि ग्रंथसंग्रह जळून गेला. हॅरोच्या आगीपासून ही दुसरी. पण ती पाहायला ते नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, जून १८९३ मध्ये, त्याच पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर एका हिंदी बॅरिस्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं, ती गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात होती. तुगेलाकाठच्या एका गावाला बिशपांचं नाव दिलेलं आहे. १५ डिसेंबर १८९९ रोजी तिथे बोअर आणि इंग्रज यांची मोठी लढाई झाली आणि जखमींना खांद्यावरून वाहणाऱ्यांत गांधीजींचं हिंदी शुश्रूषा पथक होतं. कोलेन्सोची लढाई म्हणून ती इतिहासात गेली. आयुष्यभर युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्याच्या नावाने एक लढाई!

घरातल्या बायकांनी काम पुढे चालवलं. फ्रान्सिसने झुलू युद्धाच्या कारणांवर ग्रंथ लिहिला. थोरली हॅरिएट हिने सेत्श्वायोचा मुलगा दिनुझुलू याची बाजू कोर्टात आणि लंडनमध्ये वर्षानुवर्षं लावून धरली. ती १९३२ पर्यंत जगली. तिच्याविषयी वेगळा लेख व्हायला हवा, समितीने पुढच्या वेळी जागा दिली तर.

मागेमाचं मात्र आताच सांगतो. बारा वर्षांचा असताना तो एकुखान्येनीच्या शाळेत आला होता. खिळे जुळवायला शिकला, बिशपांची पुस्तकं छापली, साक्षीदार शोधले. दिनुझुलूला सेंट हेलिना बेटावर हद्दपार केलं तेव्हा १८९६ मध्ये त्याचा चिटणीस म्हणून तिकडे गेला. या सगळ्यात तो आपल्या लोकांचा इतिहास लिहीत होता: आपण कोण, कुठून आलो. मागेमा फुझेचं ते पुस्तक १९२२ मध्ये पीटरमॅरित्झबर्गला छापून निघालं. झुलू माणसाने झुलू भाषेत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक. त्याच वर्षी तो वारला.